पाणी किती, मलई किती

नोकरीची सगळी वर्षं मी लोकांच्या दुधात नाक खुपसलं आणि त्याचा पगार घेतला. अक्षरशः नाक. कॅनचं झाकण उघडलं की आधी वास घ्यायचा, मग चव, आणि मग बाकीचं शास्त्र. शिरूरहून दौंडला जाणाऱ्या रस्त्यावर एक दूध शीतकरण केंद्र होतं, म्हणजे आसपासच्या गावांतलं दूध गोळा करून थंड करायचं आणि टँकरनं पुढं धाडायचं ठिकाण. तिथे मी केमिस्ट होते. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी औषधाच्या दुकानात बसते. दौंडच्या आमच्या गल्लीत त्या शेजारणींना खोकल्याची बाटली कबूल करून यायच्या आणि मी रिकाम्या हातानं घरी आले की तोंड वाकडं करायच्या.

केंद्रावर पहिल्या दिवशी एका गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "आता बाया दूध तपासनार व्हय?" मी म्हटलं, "इतके दिवस तापवत होत्या, आता तपासतील." तेव्हापासून माझ्या जिभेबद्दल तालुक्यात एक मत तयार झालं, ते मी निवृत्त होईपर्यंत बदललं नाही. मीही ते बदलावं म्हणून काही केलं नाही.

आता धंद्याची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लॅक्टोमीटर नावाची काचेची नळी असते. बुड जड, मान बारीक, मानेवर आकडे. ती दुधात सोडायची. दूध जड असेल तर नळी वर तरंगते, पाणी घातलेलं असेल तर खाली बसते. मानेवर जो आकडा दिसतो त्याला सगळे 'डिग्री' म्हणतात. गावच्या सोसायटीत माणसं रांगेत उभी असतात, वेळ नसतो, म्हणून बरीचशी भिस्त या नळीवर.

आणि इथेच गोम आहे. मलई हलकी असते. ती काढून घेतली की उरलेलं दूध जड होतं आणि नळी वर येते. मग हुशार माणसानं काय करावं? आधी मलई काढावी. नळी वर आली की ती जागेवर येईपर्यंत पाणी घालावं. मलईचं तूप घरात, पाणी डेअरीत आणि डिग्री जागच्या जागी. नळीला विचाराल तर ती शपथेवर सांगेल की दूध गंगेसारखं आहे.

अशा वेळी दुसरी साक्ष काढावी लागते, ती फॅटची, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाची. पण फॅट पाण्यानंही कमी होतं आणि मलई काढल्यानंही. एकट्या फॅटवरून लबाडी कोणती ते कळत नाही आणि एकट्या डिग्रीवरून तर लबाडी झाली हेच कळत नाही. दोघींना समोरासमोर बसवलं की मात्र सगळं बाहेर येतं. दहावीला एकसामायिक समीकरणं असतात ना, तीच. घातलेलं पाणी म्हणजे एक्स, काढलेली मलई म्हणजे वाय. एक समीकरण डिग्रीचं, एक फॅटचं. दोन्हींतून एक्स उडवायचा, वाय सापडतो. वाय जागेवर ठेवला की एक्स सापडतो. शाळेत बापलेकांची वयं काढायला लावायचे तेव्हा मला वाटायचं, एवढा खटाटोप कशाला, सरळ त्यांनाच का विचारत नाहीत? दुधाच्या धंद्यात आले आणि उत्तर मिळालं. विचारून कुणी खरं सांगत नाही.

एक अट मात्र आहे. मूळ दूध कसं होतं ते ठाऊक पाहिजे. त्यासाठी गोठा तपासणी असते. आम्ही गोठ्यात जायचं, गावातल्या पंचांसमोर धार काढायला लावायची, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, आणि त्या दुधाचा नमुना घ्यायचा. तो खरा. मग रोजच्या दुधाशी तो ताडून बघायचा.

निमोण्याच्या पुढे एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथल्या सोसायटीचे व्हाइस चेअरमन आबा. पागोट्याच्या काळातला माणूस, पण टोपी घालायचे. बोलणं सावकाश, चालणं सावकाश, दूध मात्र सगळ्यांच्या आधी डेअरीत. त्यांच्या दुधाची डिग्री इतकी बिनचूक यायची की मला पहिल्यांदा संशय आला तो त्यामुळेच. खऱ्या म्हशी इतक्या शिस्तीच्या नसतात. त्यांच्या गोठ्याची तपासणी आधीच झालेली होती, म्हणून मी दोन समीकरणं मांडली आणि ते केंद्रावर आले तेव्हा हळूच बाजूला घेऊन सांगितलं, "आबा, कॅनमागे दोन तांबे पाणी आहे. आणि दोन वाट्या मलई घरी राहिली आहे."

आबांचा चेहरा उतरला नाही. उलट ते विचारात पडले. "कुनी सांगितलं?"

"आकड्यांनी."

"त्ये झालं. पर आमच्या घरातलं कोन आलं व्हतं हितं?"

मी सोडून दिलं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांची सून केंद्रावर हजर. डोळे सुजलेले. तिनंच फितुरी केली असं आबांनी ठरवलं होतं, कारण तांब्या नेमका दोनदाच बुडतो हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिला माहेरी धाडायची भाषा सुरू होती. मी आबांना बोलावणं पाठवलं आणि केंद्राच्या फरशीवर, कॅनच्या रांगेशेजारी, खडूनं दोन्ही समीकरणं सोडवून दाखवली. ते उकिडवे बसून बघत राहिले. शेवटी उत्तर आलं: पाणी दोन तांबे, मलई दोन वाट्या.

"म्हंजी सुनंनं न्हाई सांगितलं," आबा म्हणाले.

"नाही."

"ह्या यक्सनं सांगितलं."

"हो."

"ह्यो यक्स लई बेकार मानूस हाय."

सून घरात राहिली आणि आबांच्या दुधातलं पाणी त्या दिवसापासून थांबलं. पण एक नवीन उपद्रव सुरू झाला. आबांना समीकरणांचा नाद लागला. खिशात खडू घेऊन फिरायचे. एकदा त्यांना शोध घ्यायचा होता की दोन मुलांपैकी आळशी कोण. एक दिवस थोरल्याला दिवसभर आणि धाकट्याला अर्धा दिवस कांदा खुरपायला लावलं, दुसऱ्या दिवशी उलट. दोन्ही दिवसांचे वाफे मोजून ओसरीवर मांडणी केली आणि जाहीर केलं की दोघंही सारखेच कामसू आहेत. आतून सून म्हणाली, "आन् मी दोनी दिस खुरपत व्हते, मला कंच्या अक्षरात धरलं?"

आबा सायकल काढून माझ्याकडे आले. मी सांगितलं, अक्षरं तीन झाली तर समीकरणंही तीन लागतील, तेव्हा एक दिवस सुनेला घरी बसवून मुलांना शेतात पाठवा. त्या तिसऱ्या दिवशी कांद्याचा एक वाफाही खुरपून झाला नाही असं ऐकलं. उत्तर काय आलं ते आबांनी मला कधी सांगितलं नाही.

त्याच गावात कौसाबाई राहायच्या. घर बुद्धविहाराच्या मागं. जन्मभर लोकांच्या शेतात आणि गोठ्यात राबलेल्या. तेव्हा बचत गटांचं वारं नुकतंच सुटलं होतं आणि त्यांच्या वस्तीतल्या बायकांचा गट झाला होता. गटाची पहिली म्हैस कौसाबाईंच्या दारात आली. ती नीट चालली तर बाकीच्या बायकांना म्हशी मिळणार असं ठरलं होतं, त्यामुळे सगळी वस्ती त्या एका म्हशीच्या शेपटीकडे बघत होती.

काही महिन्यांनी सोसायटीची तक्रार आली: कौसाबाईच्या दुधाला फॅट लागत नाही, बाई पाणी घालती, केमिस्टनं येऊन बघावं. माझ्या अहवालात लबाडी निघाली की त्यांचं दूध बंद आणि त्यांच्यामागे गटाच्या म्हशीही बंद. मला राग आला तो तक्रारीचा नाही. आबांनी वर्षानुवर्षं तांबे बुडवले तेव्हा गावाला नळी पुरेशी होती. इथं मात्र तपासायच्या आधीच निकाल लागला होता. गाव कुणाबद्दल काय चटकन खरं मानतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझे वडील दौंडला रेल्वेत होते, आमचंही घर विहाराच्या मागंच होतं.

पण राग आला म्हणून आकडे बदलत नाहीत. मी लुना काढली आणि संध्याकाळच्या धारेला गोठ्यात पोचले. पंच म्हणून सोसायटीनं कुणाला धाडावं? आबांना. खडूसकट.

कौसाबाई वाळक्या अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. गोठा म्हणजे कुडाची पडवी. म्हैस बरी होती, पण नजर गेली ती खुंट्याला बांधलेल्या रेडकाकडे. नर होतं आणि असं तुकतुकीत की हात फिरवावासा वाटावा. आबांनाही ते खटकलं. "रेडा लई तुकतुकीत केलास गं कौसे. लगीन काडलंय जनू त्याचं!"

कौसाबाईंनी रेडकाला आधी थोडं पाजलं, म्हशीनं पान्हा सोडला, रेडकू ओढून बांधलं आणि त्या धारेला बसल्या. बादली बरीच भरली तशा त्या उठायला लागल्या.

"मावशी, पूर्ण काढा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रेडकाकडे. "पुरी?"

"शेवटच्या थेंबापर्यंत. नियम आहे."

त्या परत बसल्या. इकडे रेडकानं जे ओरडायला सुरुवात केली ती थांबेना. दोन हिसक्यांत त्यानं खुंटा उपटला, दाव्यासकट धावत आलं आणि वाटेत उभ्या असलेल्या आबांच्या पोटात डोकं घातलं. आबा शेणात बसले. त्या गडबडीत त्यांच्या धोतराचा सोगा रेडकाच्या तोंडात गेला आणि ते तो चोखायला लागलं. दोघांना सोडवायला मला आणि कौसाबाईंना बराच वेळ लागला. सरकारी काम करताना हसायचं नसतं, म्हणून मी म्हशीकडे तोंड करून उभी राहिले.

नमुना मी केंद्रावर नेऊन तपासला. फॅट उत्तम, सातच्या घरात. रोजच्या दुधाला जेमतेम पाच लागत होतं. रोजची डिग्री मात्र गोठ्यातल्या नमुन्यापेक्षा थोडी वरच होती. दुसऱ्या दिवशी आकडे घेऊन गोठ्यात गेले तर आबा वाटच बघत होते. त्यांनी कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर खडूनं मांडणी केली. जीभ बाहेर काढून एक्स उडवला, वाय काढला, परत ठेवला आणि जरा नाराजीनंच म्हणाले, "पानी शून्य."

"बघा," मी म्हटलं.

"पर मलई लई काडलीया. ही बाई तूप करती."

कौसाबाई दारात उभ्या होत्या. आबांनी विचारलं, "पानी घातलं व्हतं?" त्या म्हणाल्या, "न्हाई." "तूप केलं?" "न्हाई." घरात बघायचं तर बघा म्हणाल्या. चुलीजवळ डालड्याचा डबा होता. तूप करणारी बाई डालडा कशाला आणील? "इकलं आसंल," आबा म्हणाले. आणि गणित आबांच्या बाजूनं होतं, ही माझी पंचाईत. पाणी नाही हे सिद्ध करून मी त्या बाईला मलईत अडकवलं होतं. सोमवारी साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवायचा होता. दोन ओळी लिहिल्या असत्या की वस्तीतल्या सगळ्या बायकांच्या म्हशी कागदावरच मेल्या असत्या.

लुना केंद्रावर ठेवून एसटीनं दौंडला निघाले. डोक्यात सारखं तेच. मलई गेली म्हणजे कुणीतरी नेली. न्हावऱ्याच्या पुढे कधीतरी मला कौसाबाईंचा तो शब्द आठवला. "पुरी?" पूर्ण धार काढा म्हटल्यावर त्या चकित का झाल्या? आणि तुकतुकीत रेडकू. मी एवढे गोठे बघितले होते, पण रेडकू म्हटलं की फासळ्या मोजून घ्याव्यात. त्यातही नर असेल तर विचारूच नका. दूध देणार नाही, मग प्यायचं कशाला, असा सरळ हिशेब असतो. आमच्या धंद्यातली ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना दाखवत नाही.

आणि मग लख्ख उजेड पडला. धारेचं सुरुवातीचं दूध पातळ असतं, शेवटचं जवळजवळ मलईच. पुस्तकात मी ते पाठ केलं होतं. मी एसटीत एकदम मोठ्यानं म्हणाले, "रेडा." शेजारी बसलेले सद्‌गृहस्थ माझ्याकडे बघत उठले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या गोठ्यात. आबांना मुद्दाम बोलावलं. ते या वेळी रेडकापासून चांगले लांब, दाराबाहेर उभे राहिले. मी म्हटलं, "मावशी, आज माझं काही ऐकू नका. रोज जशी काढता तशी धार काढा."

त्या बसल्या. परवा जिथं उठायला लागल्या होत्या त्याच मापाला उठल्या, बादली बाजूला ठेवली आणि रेडकाचं दावं सोडलं. ते उड्या मारत आईखाली गेलं आणि ढुशा देत, शेपूट हलवत पीत राहिलं. तोंडाला फेस आला तरी सोडेना. आम्ही तिघं बघत उभे. मी बादलीतल्या दुधाचा नमुना घेतला. आबांना दम निघेना, म्हणून त्यांना लुनावर मागं बसवून केंद्रावरच नेलं. फॅट जेमतेम पाच. डिग्री रोजच्याइतकीच, थोडी वर. परत येऊन त्यांनी भिंतीवर पुन्हा मांडणी केली. कालचंच उत्तर आलं.

आबांनी खडू रेडकाकडे रोखला. "म्हंजी वाय ह्यो हाय."

"हाच."

माझा मात्र आता ताबा सुटला. "मावशी, दोन दिवस आम्ही तुम्हाला चोर म्हणतोय. तुम्हाला ठाऊक होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"तुमी पान्याचं इचारलं, म्हनलं न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुपाचं इचारलं, म्हनलं न्हाई. रेडकाचं कुनी इचारलं?"

आबा आता समजुतीच्या सुरात आले. "अगं पर ह्यात तुजंच नुकसान हाय. सगळं फॅट शेवटच्या धारंला. ती तू काडून घी, रेड्याला पयलं पातळ पाज. उपाशी तर न्हाई ना मरत."

कौसाबाई रेडकाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "आबा, मी लोकांच्या गोठ्यात धारा काडायची, तुमाला ठाव हाय. तवा एक रेडकू उपाशी मेलं. मालकानं त्याच्या कातड्यात भुस्सा भरला आन् म्हशीम्होरं हुबं केलं. म्हस त्याला चाटायची. चाटून चाटून त्याचं क्यास गेलं, तरी चाटायची आन् पान्हा सोडायची. आन् मी खालनं धार काडायची." त्यांनी रेडकाच्या तोंडाचा फेस पदरानं पुसला. "लबाडी केलीया मी, न्हाई म्हनत न्हाई. पर ती दुधात न्हाई, त्या म्हशीसंगं. आता माजी सवताची म्हस हाय. आता न्हाई व्हनार माज्यानं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते येऊ दिलं. आबांनी टोपी काढली, आतून बघितल्यासारखं केलं, परत घातली. मग धोतराच्या सोग्यानं भिंतीवरची समीकरणं पुसायला लागले. मी म्हटलं, "आबा, राहू द्या, पंचनाम्याला लागतील." ते म्हणाले, "लागू द्या." आणि पुसतच राहिले.

सोमवारी साहेबांनी अहवाल वाचला. साहेब पुण्याचे, सज्जन, पण कागदाला धरून चालणारे. पाण्याच्या रकान्यात शून्य, मलईच्या रकान्यात भलामोठा आकडा आणि खाली माझा शेरा: दूध निर्दोष, संकलन चालू ठेवावे. त्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, हे जुळत नाही. मलई गेलीय हे तुम्हीच लिहिलंय."

"गेलीय, साहेब."

"मग काढली कुणी?"

"ज्याच्या आईची होती, त्यानं."

साहेबांनी पेन उघडून सही केली. गटाच्या बाकीच्या म्हशी त्याच उन्हाळ्यात आल्या, आणि त्या बायकांच्या दुधालाही फॅट जरा कमीच लागायचं.